ॲसिरियन समाज, स्वीडनमधील

पश्चिम आशियातून स्वीडनमध्ये येऊन स्थायिक झालेला एक ख्रिस्ती समाज. यातील बहुसंख्य लोक मूळचे आग्नेय तुर्कस्तानातील तूर अब्दीन या डोंगराळ प्रदेशातील असून सिरियन ऑर्थोडॉक्स पंथाचे अनुयायी आहेत. ॲरेमाइक भाषासमूहातील सुरयत (तुरोयो) ही त्यांची बोली होय. ऑटोमन साम्राज्यात १९१५ मध्ये झालेला या समाजाचा संहार ‘सैफो’ (तलवार) या नावाने ओळखला जातो. स्वीडिश संसदेने २०१० मध्ये त्यास वंशसंहार म्हणून मान्यता दिली.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या साहाय्याने १९६७ मध्ये लेबाननमधून सु. २०० राज्यविहीन व्यक्ती स्वीडनमध्ये आल्या. पुढे आप्तांच्या मागोमाग तुर्कस्तानातूनही लोक येऊ लागले. स्टॉकहोमच्या नैर्ऋत्येस असलेले सोडर्टेल्ये हे औद्योगिक शहर त्यांचे प्रमुख केंद्र बनले. देशात पोहोचलेल्या अनेकांना १९७६ मध्ये मानवतेच्या भूमिकेतून वास्तव्याची परवानगी मिळाली. ‘अस्सिरिस्का’ हा फुटबॉल संघ १९७४ मध्ये व ‘हुयोदो’ (ऐक्य) हे नियतकालिक १९७८ मध्ये निघाले. २००५ च्या हंगामात हा संघ देशातील सर्वोच्च श्रेणीत खेळला.

स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत घरची भाषा शिकविण्याची तरतूद १९७७ पासून अंमलात आली. तथापि सुरयत ही प्रामुख्याने बोलण्याची भाषा होती. उपासना व लेखन यांसाठी अभिजात सिरिअ‍ॅक वापरली जाई. म्हणून यूसुफ इसहाक यांनी रोमन लिपीवर आधारित वर्णमाला तयार केली व १९८३ मध्ये तीत क्रमिक पुस्तक निघाले. सिरिअ‍ॅक लिपी हाच खरा वारसा मानणाऱ्यांना मात्र हा प्रयोग रुचला नाही. समाजाच्या नावाविषयीही ‘ॲसिरियन’ व ‘सिरियन’ असे दोन पक्ष पडून त्यांचे स्वतंत्र महासंघ स्थापन झाले. शासकीय साहाय्याने वारसा जपण्याची साधने उपलब्ध झाली. परंतु वारसा कोणता, हा निर्णय समाजालाच करावा लागला.

युनेस्कोने तुरोयोची गणना गंभीर संकटातील भाषांत केली आहे. तूर अब्दीनमध्ये तिचे भाषक थोडेच उरले असल्याने तिचे भवितव्य बव्हंशी परदेशांत वाढणाऱ्या पिढ्यांवर अवलंबून आहे. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झालेल्या सुरयत अभ्यासक्रमात सिरिअ‍ॅक व रोमन या दोन्ही लिप्यांना स्थान देण्यात आले आहे.