एका पेल्याचा इतिहास

अलीकडे कार्यालयांत एक सूचना हमखास दिसते. कागदी कप बंद, पेले सर्वांसाठी मांडणीवर ठेवले आहेत, वापरा आणि धुऊन ठेवा. कुठे छत्र्या सामायिक असतात, कुठे कात्री आणि स्टेपलर. कचरा कमी व्हावा, वस्तू पुरवून वापराव्यात, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ‘सर्वांचा पेला’ ही कल्पना नवी नाही. उलट, तो पेला एकदा हद्दपार झाला म्हणूनच कागदी कप जन्माला आला.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत शाळा, कारखाने, रेल्वेचे डबे, सगळीकडे पाण्याच्या पिंपाला साखळीने बांधलेला एकच पेला असे. येईल त्याने त्यातून प्यावं. 1907 साली बोस्टनच्या लॉरेन्स लुएलन या वकिलाने एकदाच वापरून टाकायचा कागदी पेला तयार केला. 1908 साली प्राध्यापक आल्विन डेव्हिसन यांनी शाळेतला सामायिक पेला सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यावर चिकटलेल्या जंतूंचं वर्णन छापलं. तो क्षयाचा काळ होता. डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन यांनी रेल्वेत क्षयाचे रुग्ण ज्या पेल्याने प्याले, त्याच पेल्याने एक लहान मूल पाणी पिताना पाहिलं. 1909 साली कॅन्सस राज्याने सामायिक पेल्यावर बंदी घातली. मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. आज आपण ज्याला कचरा म्हणतो, तो कागदी कप त्या वेळी आरोग्याचा कैवारी होता.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. इथे पेला वेगळा ठेवायला जंतूंची गरज नव्हती, जात आणि धर्म पुरेसे होते. इंग्रजी अमलात रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या ऐकू येत. पाणी पाणीच होतं, भांडी मात्र दोन. आणि ज्याला दलित म्हणायचं, त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई. त्याच्या वाट्याला भांडंही नव्हतं.

मुंबईच्या गिरण्यांत ही गोष्ट पाण्यापाशी थांबली नाही, ती थेट यंत्रापर्यंत गेली. साच्यावर आडवा धागा नेणारा धोटा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढायचं. त्यासाठी विणकर छिद्राला तोंड लावून श्वास आत ओढत. इंग्लंडात लँकेशायरचे कामगार याला धोट्याचं चुंबन म्हणत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत, त्यातून रोग पसरे, कापसाची धूळ छातीत जाई. म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली ही पद्धत कायद्याने बंद केली. ब्रिटनला त्यासाठी खास नियम करायला 1952 साल उजाडलं.

मुंबईतही धोट्याला तोंड लागत होतंच. पण इथे उपाय धोट्यावर झाला नाही, माणसावर झाला. अस्पृश्य मानलेल्या कामगाराचं तोंड लागलेल्या धोट्याला आपलं तोंड लागेल, या विटाळाच्या धास्तीने त्यांना विणकाम खात्यात येऊच दिलं जात नसे. पगार जास्त मिळे तो याच खात्यात. म्हणजे उष्ट्याच्या कल्पनेची किंमत रोख रुपयांत, दर महिन्याला, एकाच बाजूकडून वसूल होत होती.

1928 साली मुंबईत दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगारांचा संप झाला, तो सहा महिने चालला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. विणकाम खातं सर्वांना खुलं करा ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपात उतरू नका असं सांगावं लागेल, असं ते म्हणाले. पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी घातली. मालकांनी उत्तर दिलं, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. दहा वर्षांनी, 1938 साली मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ही हकीकत जाहीर सांगितली. मालकांचं उत्तर झोंबणारं होतं, कारण त्यात तथ्य होतं. भिंत कामगारांनीच कामगारांत बांधली होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1927 साली, महाडचं चवदार तळं घडलं होतं. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडणारे सी. के. बोले हेही कामगार चळवळीतले होते. पाणी आणि काम हे दोन्ही लढे एकमेकांचे शेजारी होते ते असे.

पुढे 1948 सालच्या कारखाना कायद्याने पिण्याच्या पाण्याची सोय, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह काढण्याची तरतूद केली. 1950 साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. एका रांगेत, एकाच कपाटातल्या पेल्याने चहा पिण्याचा हक्क असा कागदावर आला.

आता कागदी कपाकडे परत येऊ. त्याला पाणी सुटू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याचा पुनर्वापर अवघड जातो. महाराष्ट्राने 2018 साली आणि केंद्राने 2022 साली एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. तेव्हा पेला परत येतोय, हे बरंच आहे. मात्र इतिहासाने त्याच्याबरोबर दोन प्रश्न पाठवले आहेत.

पहिला कॅन्ससचा: पेला साबणाने, गरम पाण्याने नीट धुतला जातो का? साखळीचा पेला वाईट ठरला तो सामायिक होता म्हणून नव्हे, तो धुतला जात नव्हता म्हणून. दुसरा मुंबईचा: ‘सर्वांचा’ म्हणजे कुणाकुणाचा? दारावरचा पहारेकरी, कंत्राटावर झाडू मारणारी बाई, पार्सल घेऊन आलेला मुलगा, यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळा पेला तर ठेवलेला नाही ना? आणि सगळ्यांचे पेले रोज तीच एक बाई तर धूत नाही ना?

वस्तू वाचवायला पेला सामायिक करणं सोपं आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या कार्यालयात सरळ देता येतील, तिथेच तो खरा सर्वांचा होईल.