धापेची नावे

धाप लागणे हे लक्षण. पण लोकव्यवहारात त्यालाच रोगाचे नाव चिकटते. एके काळी ते नाव दम्याचे किंवा क्षयाचे असे. वास्तविक चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. श्रमाने उत्पन्न होणारा व विसाव्याने शमणारा क्षुद्रश्वास निराळा, आणि ढग दाटून येताच बळावणारा, रोग्याला आडवेही होऊ न देणारा तमकश्वास निराळा. हा विवेक पुढे व्यवहारात फारसा उरला नाही.

त्याची किंमत रोग्यांनी मोजली. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमोट-मोलर व बार्टन यांना असे काही रोगी आढळले, की ज्यांची क्ष-किरण चित्रे क्षयासारखी दिसत. रक्तात मात्र इओसिनोफिल पेशींचे प्रमाण अफाट वाढलेले असे. ही हकीकत त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केली. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी या रोगाला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. रात्री खोकल्याने व धापेने हैराण करणाऱ्या या दुखण्याच्या मुळाशी हत्तीरोगाच्या जातीचे जंतू आहेत, हे पुढे उमगले. क्षयाचे औषध तेथे काय करणार?

छातीच्या विकारांचा असाच स्वतंत्र व बारकाईने अभ्यास व्हावा, म्हणून दिल्ली विद्यापीठाच्या आवारात वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्था उभी राहिली. १९४९ साली खुद्द सरदारांनी कोनशिला बसविली. १९५३ मध्ये आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी उद्घाटन केले. डॉ. रामन विश्वनाथन हे तिचे संस्थापक-संचालक.

आज त्याच दिल्लीत धापेला तिसरे नाव मिळाले आहे: धूर. ते खोटे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली आदेश दिला आणि २००२ अखेर शहरातील सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर धावू लागल्या. तरी हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत कोंडून राहतो आणि वाहनांचा, कचऱ्याचा, आसपासच्या शेतांतील जळत्या पाचटाचा धूर त्यात साचतो. दमेकऱ्याचे हाल होतात, हृदयविकाराच्या रोग्याचेही होतात. मात्र ज्याच्या पावलांवर सूज आहे व ज्याला उशा रचून बसल्याबसल्या झोपावे लागते, त्याचे हृदय दुबळे झालेले असू शकते. जिच्या पापण्या आतून पांढुरक्या पडल्या आहेत, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच अपुरे असते. नोव्हेंबरच्या धुरकट सकाळी दवाखान्याच्या रांगेत ही दोघेही उभी असतात आणि धुराचेच नाव सांगतात.