दंडारी, किकरीचे चित्रीकरण : मोबाइल चालेल, आवाजाची सोय वेगळी हवी

इंद्रवेल्ली : पौष अमावस्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेत हातोहाती मोबाइल दिसतात. दिवाळीच्या सुमारास गावोगाव दंडारी निघते, तेव्हाही तेच. पण घरी येऊन व्हिडिओ लावला की मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी छान दिसतो आणि ढोल मात्र फाटक्या पत्र्यासारखा ऐकू येतो. प्रधान आणि तोटी समाजातली किकरी वाजवणारी म्हातारी मंडळी कमी होत चालली आहेत. त्यांचे गाणे पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही, म्हणून हा दोष लहान नाही.

खर्च कुठे करायचा, हा पहिला प्रश्न. नवा कॅमेरा घेण्याआधी आवाजावर करावा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्यापैकी फोनचा मुख्य कॅमेरा दिवसाच्या कार्यक्रमाला पुरतो. फोनचा माइक मात्र बोलण्यासाठी बनवलेला असतो. ढोल-तुडुमचा दणका बसला की तो आवाज दाबतो, दणका थांबला की गर्दीचा कलकलाट वर उचलतो. संगीताचा चढउतारच निघून जातो.

यावर उपाय म्हणजे खिशात मावणारा वेगळा रेकॉर्डर. टास्कॅम डीआर-०५एक्ससारख्यात आवाजाची पातळी हाताने ठरवता येते. सर्वांत जोरात वाजवून बघायला सांगावे आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवावी. झूम एच१ इसेन्शियल ३२-बिट फ्लोट पद्धतीने ध्वनिमुद्रण करतो, त्यात पातळी लावायची कटकटच नाही. उघड्या माळावर माइकला केसाळ टोपी हवीच, नाहीतर वारा सगळे खाऊन टाकतो. मुलाखतीसाठीचे कॉलरला लावायचे बिनतारी माइक स्वस्तात मिळतात, पण ते संगीताच्या कामाचे नाहीत.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा, यात खरी मेख आहे. किकरी गजाने वाजते, आवाज नाजूक. तिथे दोन-तीन फुटांवर, गाणाऱ्याच्या तोंडाकडे थोडा वळवून ठेवावा. ढोल, तुडुम आणि सनईसारखे पेपरे एकत्र असतील तर बारा-पंधरा फूट मागे सरावे. भजनी मंडळाच्या कार्यक्रमात साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन मिळते, ती घ्यावी. मात्र ती रेकॉर्डरच्या माइकच्या खाचेत तशीच घातली तर आवाज फाटतो. आधी लाइन इनपुट आहे का बघावे. शिवाय मिक्सरमध्ये टाळ्या आणि टाळकऱ्यांचा गजर येत नाही, त्यासाठी रेकॉर्डर बाहेर सुरूच ठेवावा.

आता चित्र. फोन ट्रायपॉडवर लावावा आणि विमान मोडवर टाकावा, फोन आला की चित्रीकरण तुटते. बोटाने स्क्रीन दाबून धरून उजेड आणि फोकस लॉक करावा. गुसाडीचे अंग राख-काजळीने काळे असते, त्यामुळे फोन सगळे दृश्य उजळवत जातो आणि आकाश पांढरे पडते. रात्री दिव्यांचा लुकलुकाट येत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावे, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. हे हाताने ठरवायला अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे मोफत अॅप आहे, पण प्रत्येक फोनवर सगळ्या सोयी चालत नाहीत. झूम शक्यतो करू नये, दोन पावले पुढे जावे.

दोन्ही सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवावी. संपादनात त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतो. तासभराचे चित्रीकरण असेल तर शेवटीशेवटी आवाज पुढे-मागे सरकतो. कारण फोनची फ्रेमगती बदलती असते. हँडब्रेकमध्ये ती आधी स्थिर करून घ्यावी. संपादनाला साध्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह पुरते, दोन्ही मोफत. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती चांगली, पण तिला दमदार संगणक लागतो. आवाज साफ करायला ऑडॅसिटी. तिथला नॉइज कमी करण्याचा पर्याय जपून वापरावा, किकरीची खरखर हीच तिची ओळख आहे.

जागेचा हिशेब सोपा : २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ आवाज तासाला साधारण १ जीबी. व्हिडिओला कित्येक पट जास्त. मूळ फायली दोन ठिकाणी ठेवाव्यात, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे.

परवानगीचेही बघावे. नागोबाच्या महापूजेचा मान मेस्राम वंशाकडे आहे. कुठे कॅमेरा चालेल हे त्यांच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. दंडारीत गावच्या पटेलांना. कॉपीराइट कायद्यानुसार कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो, म्हणून यूट्यूबवर टाकण्याआधी गाणाऱ्याची संमती घ्यावी, नाव आणि गाव लिहावे आणि तयार व्हिडिओ पेनड्राइव्हवर त्याच्या घरी पोहोचवावा. मार्लवाईचे कनकराजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला, पण अशा नावांपलीकडचे बहुतेक वादक व्हिडिओखाली ‘आदिवासी नृत्य’ एवढ्याच दोन शब्दांत उरतात.