परिचर्या परीक्षा व नोंदणी : अमरावती-अकोला

परिचर्या परीक्षा व नोंदणी : रुग्णालयात किंवा उपकेंद्रात परिचारिका म्हणून काम करण्याचा कायदेशीर हक्क मिळवून देणारी परीक्षा, तिच्यानंतरची नोंदणी आणि त्यासाठी पक्के असावे लागणारे ज्ञान. अमेरिकेत नर्सिंगची पदवी घेतल्यावर परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे तशी परीक्षा नाही. अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा पास झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवता येते, आणि ती नोंदणी हाच परवाना. म्हणून शेवटच्या वर्षाचा पेपर, प्रॅक्टिकल आणि व्हायवा यांचे वजन फार मोठे आहे. त्यांच्यानंतर दुसरी चाळणी नाही, थेट रुग्णच असतो.

भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. राज्यात मुंबई, विदर्भ व मराठवाडा या भागांत नोंदणीचे नियम वेगवेगळे होते. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ ने ते एक केले. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला, तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या दोन्हींच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बीएस्सीची नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावे लागते. पेपरात चांगले गुण पडले म्हणून प्रॅक्टिकलमधली कसूर भरून निघत नाही, आणि हा नियम योग्यच आहे.

अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालयाला लोक आजही ‘इर्विन’ म्हणतात आणि स्त्री रुग्णालयाला ‘डफरीन’. लेडी डफरीन यांच्या नावाचा, स्त्रियांना वैद्यकीय मदत पोहोचवणारा निधी १८८५ मध्ये सुरू झाला होता. त्या नावाची रुग्णालये देशभर सापडतात. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, आणि तेथील जिल्हा स्त्री रुग्णालयाची जुनी ओळख ‘लेडी हार्डिंग’ अशी. अमरावतीत पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहेच, २०२४ पासून शासकीय महाविद्यालयही सुरू झाले. क्लिनिकल पोस्टिंग अशाच वॉर्डांत होते. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बहुतेक दुसरीकडची असतात. इथल्या वॉर्डात येणारा रुग्ण मात्र कपाशीच्या शेतातून, मेळघाटच्या पाड्यावरून किंवा मे महिन्याच्या उन्हातून आलेला असतो. या नोंदीत त्या रुग्णाला जास्त जागा दिली आहे.

पहिले ज्ञान हिशेबाचे. ५०० मिलि सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि आयव्ही सेट मिलिला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटे. उत्तर येते मिनिटाला सुमारे ४१.७, म्हणजे ४२ थेंब. मायक्रो सेट मिलिला ६० थेंबांचा असतो. सेटच्या पाकिटावरचा आकडा न वाचता गणित केले तर लहान मुलाच्या बाबतीत ते जिवावर बेतते. इन्सुलिनचेही तसेच. आपल्याकडच्या कुपीत बहुधा मिलिला ४० युनिट असतात आणि तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी आहे. ४० च्या कुपीतले औषध नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला २० ऐवजी ८ युनिटच मिळतात. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, साखर तपासल्यावर कळते. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून कधीही एकदम ढकलायचे नाही, ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचे. यात सवलत नाही.

दुसरे ज्ञान क्रमाचे. चार रुग्ण एकाच वेळी हाका मारतात, तेव्हा आधी कोणाकडे जायचे? श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण हा क्रम सगळ्यांना पाठ असतो, पण प्रश्न त्याच शब्दांत येत नाही. मधुमेहाचा रुग्ण सांगतो, ‘सिस्टर, जीव घाबरा होऊन राह्यला.’ अंग घामाने थंड पडलेले असते. आधी ग्लुकोमीटर काढायचा. साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम साखर तोंडाने द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, डेक्स्ट्रोज शिरेतून. साखर ठीक निघाली तर लगेच ईसीजी आणि डॉक्टरांना निरोप, कारण हृदयविकाराचा झटका असाही दिसतो. आधी पाहणे आणि मग करणे ही शिस्त बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी आहे.

वऱ्हाडचा उन्हाळा हा परीक्षेचा स्वतंत्र धडा ठरावा. अकोल्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि त्यासोबत बडबड किंवा बेशुद्धी दिसली तर तो उष्माघात. पॅरासिटामॉल इथे उपयोगी पडत नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी आणि वारा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, हे लगेच करायचे.

पावसाळ्यात फवारणी येते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि त्यानंतर या विषयाकडे कोणी दुर्लक्ष करू नये. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, छातीत घरघर होते, नाडी मंदावते. परिचारिकेने आधी स्वतः हातमोजे घालायचे, मग रुग्णाचे कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवायचे. अ‍ॅट्रोपिन किती द्यायचे हे बाहुलीवरून ठरत नाही, छाती कोरडी झाली का यावर ठरते. व्हायवात इथेच अनेक जण अडखळतात. सर्पदंशात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे समजायचे. प्रतिविष सुरू करताना अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी भरून ठेवायचे. विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केला. पहिला डोस दिल्यावर रुग्णाला उठू द्यायचे नाही, कारण रक्तदाब खाली येतो.

प्रसूतीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे परिचारिका अनेकदा एकटी असते. उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकसंख्येसाठी असते, आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० साठी. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीचा रस्ता घाटाचा आहे, अमरावती तिथून खूप लांब. गरोदर बाईला झटके आले तर उपकेंद्रातल्या एएनएम परिचारिकेने काय करायचे? तिला डाव्या कुशीवर वळवायचे, श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, मॅग्नेशियम सल्फेटचे १० ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल टोचायचे आणि मग गाडी. ५० टक्क्यांच्या दोन मिलिच्या अँप्युलमध्ये एक ग्रॅम असते, म्हणजे दहा अँप्युल लागतात. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या : गुडघ्याचा प्रतिक्षेप येतो का, श्वास मिनिटाला १६ च्या वर आहेत का, लघवी तासाला निदान ३० मिलि होते का. यातले एक जरी बिघडले तरी डोस थांबवायचा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवायचे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल तर आईच्या छातीला उघड्या अंगाने लावायचे. मेळघाटात बालमृत्यूंची चर्चा १९९० च्या दशकापासून चालू आहे. त्या चर्चेत जन्मानंतरच्या या पहिल्या तासालाही जागा हवी.

सरकारी नोकरीसाठी पुढे भरतीची वेगळी परीक्षा असते. ‘एम्स’साठी नॉरसेट द्यावी लागते, नागपूरच्या ‘एम्स’मधल्या जागाही तिच्यातून भरतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे आणि निळे डबे भरतीच्या पेपरांत हमखास असतात. अमेरिकेला जायचे तर एनक्लेक्स ही तिथली परवान्याची परीक्षा. संगणक उत्तरांनुसार प्रश्न अवघड-सोपे करत जातो, ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तास. एप्रिल २०२३ पासून तिच्यात एकाच रुग्णाच्या स्थितीवर गुंफलेले प्रश्न आले आहेत. आपल्या मुलींना औषधांपेक्षा ‘हे काम कोणाला सोपवाल?’ हा प्रश्न जड जातो. इथल्या वॉर्डात अंघोळ, जेवण, कूस बदलणे हे नातेवाईकच करतात, तिथे ते सहायकाला सोपवायचे असते. मात्र तपासणी, शिकवणे आणि निर्णय कोणाला सोपवायचे नसतात. तिथले इन्सुलिनचे गणितही १०० युनिटच्या हिशेबाने असते.

नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. दुसऱ्या राज्यात नोकरी धरली तर तेथील परिषदेकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. धारणीहून मध्य प्रदेशची हद्द जवळ असल्याने मेळघाटातल्या मुलींना याची गरज पडू शकते.