उपवासकाळातील शाळा

आज मी जो विषय घेतला आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांना अपरिचित वाटण्याचा संभव आहे. ईस्टरच्या सणापूर्वीचे चाळीस दिवस कॅथलिक ख्रिस्ती समाज व्रतस्थपणे पाळतो. त्या काळाला आपल्याकडील कॅथलिक मंडळी उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. त्यांच्या प्राथमिक शाळेत हे दिवस कसे जातात, आणि मराठी बोलणाऱ्या मुलांच्या अंगवळणी ते कसकसे पडत गेले, याचा थोडा इतिहास सांगावा असा माझा मानस आहे.

मी नीरा व भीमा या नद्यांच्या संगमावरील नरसिंहपूरचा रहिवासी. लक्ष्मीनृसिंह हे आमच्या गावाचे दैवत. आणि नृसिंहाची कथा ही एका परीने शाळेतल्या मुलाचीच कथा आहे. प्रल्हादाला शंड आणि अमर्क या गुरूंच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांनी राजाज्ञेप्रमाणे धडे दिले. मुलाने ते ऐकले, आणि मनात मात्र आपले होते तेच धरून ठेवले. शाळेत जे पाठ करविले जाते त्यातले मुलाच्या अंतःकरणापर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न म्हणून आम्हां मास्तर मंडळींना नवा नाही. ज्या शाळेत धर्मशिक्षण हा रोजचा विषय असतो, तेथे तर तो पावलोपावली उभा राहतो.

प्रथम कालगणना पाहू. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. रविवारी उपवास नसतो, म्हणून मधले सहा रविवार वजा घातले की ४० उरतात. येशू ख्रिस्ताने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची ती आठवण. ईस्टरचा दिवस मात्र दरसाल बदलतो, कारण तो चंद्रावर अवलंबून आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा चर्चच्या पंचांगात पाहावयाची, आणि तिच्या पुढचा पहिला रविवार धरावयाचा. २०२३ साली ती पौर्णिमा आपल्या हनुमानजयंतीची होती, व ईस्टर ९ एप्रिलला आला. २०२४ साली ती फाल्गुनी पौर्णिमा होती, व ईस्टर ३१ मार्चला पडला. यातून एक मौज निष्पन्न होते. आपली होळी बहुधा नेहमी या उपवासकाळातच येते. गावात शिमग्याची बोंब उठलेली असताना त्याच गावातल्या कॅथलिक शाळेत मात्र वर्षातला सर्वांत गंभीर काळ चाललेला असतो.

आता शाळेत काय घडते ते पाहू. मागल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जपून ठेवलेल्या असतात. त्या जाळून राख करतात. बुधवारी मुले रांगेने चर्चमध्ये जातात. धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर त्या राखेने क्रूस काढतात, आणि मनुष्यदेह मातीचा असून मातीलाच मिळणार आहे याचे स्मरण देतात. त्या दिवसापासून वेदीवरची फुले नाहीशी होतात. धर्मगुरूंचा पोशाख जांभळा होतो. आनंदाचा 'आलेलुया' हा उद्गार प्रार्थनेतून गळतो. शुक्रवारी 'क्रुसाची वाट' असते. चर्चच्या भिंतींवर ख्रिस्ताच्या अंतिम यात्रेची चौदा चित्रे किंवा चौदा क्रूस लावलेले असतात. प्रत्येकापुढे थांबून, गुडघे टेकून प्रार्थना करावयाची आणि पुढे सरकावयाचे. थांब्यांची चौदा ही संख्या पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली निश्चित केली. शेवटच्या आठवड्यात, गुरुवारच्या उपासनेतील गौरवस्तोत्रानंतर घंटा मुक्या होतात, त्या ईस्टरच्या जागरणाच्या उपासनेपर्यंत. रोज घंटेच्या नादावर उठणाऱ्या मुलाला ही शांतता जितकी जाणवते, तितके कोणाचे प्रवचन जाणवत नसेल.

भोजनाचा नियम आपण समजतो त्याहून निराळा आहे. आपल्या एकादशीला धान्य वर्ज्य होते आणि साबुदाणा चालतो. म्हणजे पदार्थ बदलतो. कॅथलिक उपवासात दिवसातून एकदाच पोटभर जेवावयाचे असते. म्हणजे प्रमाण बदलते. मांस वर्ज्य करणे हा त्याहून वेगळा नियम. हे दोन्ही नियम मुलांना सारखे लागू नसत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला मांस वर्ज्य करावे लागे. उपवास मात्र एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून लागू नव्हता. १९८३ च्या संहितेने मांसाचा नियम चौदा वर्षांवर नेला आणि उपवासाचा अठरावर आणला. तात्पर्य, प्राथमिक शाळेतील मुलाला उपाशी राहण्याची आज्ञा चर्चनेही कधी केली नाही. आणि आज तर दोहोंपैकी एकही नियम त्याच्यावर बंधनकारक नाही.

शिवाय हे नियम घडले युरोपात. तेथे हा काळ हिवाळ्याच्या अखेरीस येतो. कोठारातला साठा सरत आलेला असतो, आणि कमी खाणे हे धर्माइतकेच ऋतूचेही सांगणे असते. आमच्या भीमेच्या खोऱ्यात नेमके उलट. माघ-फाल्गुनात शाळूची कणसे खुडली जातात, खळी भरतात, आणि वर्षात घरात धान्य असण्याचे जे काही महिने, ते हेच. वसईच्या किनाऱ्यावर मासळी हे रोजचे अन्न, आणि मासळीला या नियमाची आडकाठी नाही. घाटावरच्या गरिबाच्या घरी मांस शिजते ते सणावाराला किंवा जत्रेला. ज्याच्या ताटात मुळातच मांस नाही, त्याने सोडावे तरी काय? म्हणून आपल्याकडील शाळेत या काळाचा भर सोडण्याइतकाच देण्यावर पडला, तर त्यात नवल नाही. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे. त्यांपैकी तिसरे मुलाच्या आटोक्यातले आहे. खाऊचा पैसा न खर्चता पेटीत टाकणे, किंवा शेजारच्या आजाऱ्याच्या घरी घागरभर पाणी नेऊन देणे, हे सात वर्षांच्या पोरालाही समजते. सुगीच्या दिवसांत केलेले दान हे उरलेसुरले दिल्यासारखे होत नाही, हाही त्यातला विशेष.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळू. कारण माझ्या मते या इतिहासाचे मर्म तेथे आहे. वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे पाच वर्षांत तेथे ख्रिस्ती वस्ती रुजली. घरात मुले सामवेदी किंवा वाडवळी बोलत. चर्चमध्ये उपासना लॅटिन. आणि धर्मगुरूंच्या कारभाराची भाषा पोर्तुगीज. पाठांतर पुष्कळ होई, पण त्याचा अर्थ मुलाच्या वाट्याला कितीसा येत असेल?

या अडचणीची जाणीव फार पूर्वी एका परकीय धर्मगुरूला झाली होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि साष्टीत त्याने आपले आयुष्य वेचले. त्याच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक हकीगत आहे. मुलांना धर्मतत्त्वे शिकविण्याचा वर्ग चालला असता एका ब्राह्मणाने विचारले, की ही शिकवणूक चांगली आहे; परंतु आमची जुनी पुराणे तर बंद झाली, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ निर्माण झाला, आणि १६१६ साली तो छापला गेला. श्रोतेहो, मराठीच्या या थोर ग्रंथाचा उगम मुलांच्या वर्गात झाला, ही गोष्ट शिक्षकाने अभिमानाने सांगावी अशी आहे. मुलांसाठी प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले त्याचे कोकणी पुस्तकही त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, प्रसिद्ध झाले.

परंतु दैव विपरीत. देवनागरी ठसे मिळावेत ही स्टीफन्सची इच्छा होती. ती सफळ झाली नाही आणि पुराण रोमन लिपीत छापावे लागले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. फर्मानाने भाषा मरत नाही. पण शाळेतून ती हद्दपार होऊ शकते. तरीही हे पुराण विशेष प्रसंगी चर्चमध्ये १९३० च्या सुमारापर्यंत गायिले जात असे. आमच्याकडे श्रावणात पोथी लावतात. ज्याला अक्षर येत नाही तोही ऐकून ऐकून ओव्या म्हणू लागतो. तीच रीत तेथे उपयोगी पडली. शाळेने जे टाकले ते कानांनी सांभाळले. शांताराम बंडेलू यांनी हे पुराण देवनागरीत छापून पुण्यात प्रसिद्ध केले ते १९५६ साली, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर ३४० वर्षांनी.

घाटावरची हकीगत निराळी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतरच्या काळात जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, खेडोपाडी काम सुरू केले. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. पहिल्या महायुद्धात ही मंडळी शत्रुराष्ट्राची म्हणून त्यांना देश सोडावा लागला, आणि पुढे स्विस धर्मगुरू आले. गावकुसाबाहेरील मुलांना अक्षर मिळण्याची सोय ज्या थोड्या ठिकाणी होती, त्यांत या मिशनच्या शाळा होत्या. खेड्यातली अशी शाळा म्हणजे पुष्कळदा एकच खोली. आठवडाभर तेथे पाढे चालत व रविवारी प्रार्थना होई. मास्तरच धर्मशिक्षक आणि मास्तरच प्रार्थनेचा पुढारी. मराठी हीच त्या शाळेची भाषा. तरी मुख्य उपासना लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, आणि त्यानंतरच वेदीवरून मराठी शब्द ऐकू येऊ लागले. वसईत आणि नगरकडे त्या सुमारास शाळेत असलेल्या पिढीने राखेच्या बुधवारचा अर्थ प्रथमच आपल्या भाषेत ऐकला.

मग प्रश्न असा, की त्यापूर्वीची मुले काहीच शिकली नाहीत काय? मला तसे वाटत नाही. उपवासकाळाचा बराचसा पाठ शब्दांवाचून दिला जातो. कपाळावरची राख, झाकलेल्या मूर्ती, गुडघे टेकून केलेली वाटचाल, मुकी घंटा, या गोष्टींना भाषांतर लागत नाही. ज्या मुलाला लॅटिनचे एक अक्षर कळत नव्हते त्यालाही हे कळत होते, की आज कोणाच्या तरी दुःखाचा दिवस आहे आणि आपण गलका करू नये. परंतु कृतीने मनाची जमीन भिजते. बी पेरावयाचे ते शब्दाने, आणि तो शब्द आईच्या भाषेतला असावा लागतो. ख्रिस्तपुराणाच्या कर्त्याने हे ओळखले. फर्मान काढणाऱ्याने ओळखले नाही.

आणखी एक गोष्ट सांगून पुरे करतो. आज या शाळांतून अन्य धर्मांची मुलेही पुष्कळ शिकतात. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने स्पष्ट केले आहे, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणाही मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात भाग घ्यावयास लावता येत नाही. हा नियम केवळ कायद्याचा म्हणून पाहू नये. शिक्षणाच्या दृष्टीनेही तो शहाणपणाचा आहे. सक्तीने दिलेला धडा मुलाच्या ओठांवर राहतो. ज्या शाळेच्या मास्तराने खाऊचा पैसा पेटीत टाकण्याची आज्ञा केली नाही, केवळ पेटी ठेवली आणि तिच्यातले पैसे कोठे जातात हे मुलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले, त्याची पेटी लवकर भरते. मग ती मुले होळीच्या बाजूची असोत की क्रुसाच्या वाटेवरची.