गहाणातली पुतळी : व्हेनिसचे नाणे आणि सराफाची मूस

१/ सराफाच्या काट्यावर पुतळ्यांची जुनी माळ ठेवली की तीन गोष्टी पाहिल्या जातात : वजन, कस आणि डाख. चकतीवर नाव कोणाचे आहे, हे विचारण्याची रीत नाही. नाण्याचा काळ मात्र त्या नावातच दडलेला असतो. गहाण पडलेल्या जुन्या नाण्यांचा आणि ती विकत घेणाऱ्या संग्राहकांचा इतिहास या न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरतो. #इतिहास #नाणी (धागा)

२/ पुतळी हे नाणे मूळचे इटलीतील व्हेनिसचे. १२८४ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने सोन्याचा डुकॅट पाडण्याचा निर्णय घेतला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापात साधारण साडेतीन मासे. सोने ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध. १७९७ साली नेपोलियनपुढे हे प्रजासत्ताक कोसळले. मधल्या पाच शतकांत नाण्याच्या वजनात आणि कसात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. परक्या मुलखातले सराफही ते निःशंकपणे घेत, याचे कारण हेच.

३/ नाण्याच्या एका बाजूस व्हेनिसचा रक्षक संत मार्क उभा आहे. त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारी दुसरी आकृती ‘डोजे’ची, म्हणजे प्रजासत्ताकाच्या निवडून आलेल्या प्रमुखाची. मागील बाजूस ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोल प्रभावळीत ख्रिस्त. या मानवी आकृतींवरून मराठी मुलखात नाण्याला ‘पुतळी’ हे नाव पडले. दक्षिणेत याच नाण्याला ‘शाणार काशु’ म्हणत : ध्वजाच्या काठीत तिथल्या लोकांना ताडाचे झाड दिसले आणि डोजेत ताडी काढणारा शाणार!

४/ नाण्याच्या दुसऱ्या नावाचा प्रवास तर याहून रंजक आहे. नाण्याच्या ठशाला अरबीत ‘सिक्का’ म्हणत. त्यावरून व्हेनिसच्या टांकसाळीचे नाव ‘झेक्का’ झाले आणि पुढे डुकॅटला ‘झेक्किनो’ म्हणू लागले. मराठीतला ‘शिक्का’ही त्याच अरबी शब्दाचा वंशज. शब्द आणि नाणे एकाच समुद्रमार्गाच्या दोन टोकांना पोहोचले होते.

५/ त्या मार्गावरून येई-जाई तो मुख्यतः मसाल्याचा व्यापार. मिरी, सुंठ, दालचिनी आणि कापड पश्चिमेकडे जाई. पण त्याच्या बदल्यात युरोपकडे इथे खपेल असा माल फारसा नव्हता. फरक सोन्या-चांदीने भरून काढावा लागे. व्हेनिसचे सोने अलेक्झांड्रिया आणि तांबडा समुद्र, किंवा बसरा आणि होर्मुझ या वाटांनी हिंदी महासागरात उतरे. चौल, दाभोळ, गोवा ही पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे या जाळ्याचाच भाग होती.

६/ किनाऱ्यावरचे हे नाणे घाट चढून देशावरही रुळले. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची मोठी यादी आहे. तीत मोहरा, पातशाही होन, शिवराई होन यांच्या रांगेत ‘पुतळ्या’ही येतात. सतराव्या शतकाच्या अखेरच्या मराठी लेखकाला या परदेशी नाण्याचा परिचय करून देण्याची गरज वाटली नाही, एवढे ते ओळखीचे झाले होते.

७/ आता त्या नावाकडे वळू. डुकॅटवर साल छापलेले नसते. मात्र गुडघे टेकलेल्या आकृतीच्या मागे त्या त्या डोजेचे नाव कोरलेले असते आणि प्रत्येक डोजेच्या कारकिर्दीची वर्षे ज्ञात आहेत. डोमेनिको कोंतारिनी १६५९ ते १६७५ या काळात पदावर होता. म्हणजे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा व्हेनिसच्या टांकसाळीत त्याच्या नावाचे नाणे पडत होते. चौथा अल्व्हिसे मोचेनिगो १७६३ ते १७७८ चा. थोरल्या माधवरावांचा समकालीन.

८/ अर्थात, एखाद्या माळेतील पुतळ्यांवरची नावे वाचली तर ते सोने केव्हा पाडले गेले याचा अंदाज बांधता येतो. वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या गावांतल्या माळा अशा वाचल्या गेल्या तर कोकण आणि व्हेनिस यांच्यामधील व्यापाराच्या भरती-ओहोटीचा एक स्वतंत्र पुरावा हाती येईल. ज्या घरांत कागद टिकले नाहीत, तिथे माळ टिकली.

९/ नाण्याची माळ होणे हेही स्वाभाविक होते. शुद्ध सोने, ठरलेले वजन आणि वर आकृती. एक कडी डाखली की दागिना तयार. स्त्रीधन म्हणून ते अंगावर मिरवता येई आणि अडचणीत मोडताही येई. मागणी वाढली तशी हिंदुस्थानातच नकला होऊ लागल्या. कारागिरांना लॅटिन अक्षरे येत नव्हती. त्यामुळे नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके उमटले. कालांतराने परकी आकृती मागे पडली आणि सोनाराने घडवलेल्या पुतळीवर लक्ष्मी विराजमान झाली.

१०/ म्हणूनच जुन्या माळेत तीन प्रकारच्या पुतळ्या शेजारी शेजारी असू शकतात : अस्सल व्हेनिसची, जुन्या देशी नकलेची आणि सोनाराच्या ठशाची. पहिली युरोपच्या इतिहासाचे साधन, दुसरी इथल्या कारागिरीच्या इतिहासाचे, तिसरी दागिन्यांच्या इतिहासाचे. काट्यावर मात्र तिघींचे एकच नाव : सोने.

११/ या काट्यापाशी माळ येते ती बहुधा नाइलाजाने. सारा भरायचा असतो, पाऊस हुकलेला असतो, घरात लग्न किंवा आजारपण निघालेले असते. मराठीत यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. दागिना ‘मोडला’ म्हणजे गेला. ‘गहाण ठेवला’ म्हणजे तो ‘सोडवायचा’ आहे. सावकाराच्या पेढीचा सगळा व्यवहार या सोडवण्याच्या आशेवर उभा असतो.

१२/ १८७२ च्या करार कायद्याने या आशेला कायद्याचा आधार दिला. कर्ज थकले तरी गहाण घेणाऱ्याला वस्तू परस्पर विकता येत नाही. आधी वाजवी मुदतीची सूचना द्यावी लागते (कलम १७६). विक्रीतून येणे भागून रक्कम उरली, तर ती मूळ मालकाची. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत वस्तू सोडवण्याचा हक्कही मालकाकडे राहतो (कलम १७७). कागदावर ही तरतूद चोख होती. अक्षर न वाचता येणाऱ्या कुणब्याच्या घरी ती किती पोहोचली असेल, हा प्रश्न निराळा.

१३/ तो प्रश्न किती तीव्र होता हे १८७५ मध्ये दिसले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाची तेजी ओसरली, त्यात साऱ्याची फेरआकारणी झाली आणि दख्खनचा शेतकरी कर्जात बुडाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पसरत गेला. जमावाचा रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे त्याचे फलित. खत जाळले तर कर्जाचा पुरावा संपत असे. मुशीत गेलेला दागिना मात्र कोणत्याही दंग्याने किंवा कायद्याने परत येणारा नव्हता.

१४/ मुशीकडे सोने सर्वांत वेगाने वाहिले ते १९३१ नंतर. जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडले आणि रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला. तोळ्याला सुमारे २१ रुपये हा सोन्याचा कायदेशीर दर मागे पडून बाजारभाव चढू लागला. शतकानुशतके सोने आयात करणारा हा देश काही वर्षे सोन्याचा मोठा निर्यातदार बनला. घराघरांतील दागिने बाजारात आले, वितळले आणि लगडी होऊन मुंबई बंदरातून बाहेर गेले. लगडीवर डोजेचे नाव उरत नाही.

१५/ स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. १९६८ च्या कायद्याने नियंत्रण अधिक पक्के केले आणि तो १९९० पर्यंत राहिला. सरकारने सोन्याकडे पाहिले तेही धातू म्हणूनच. सावकार, निर्यातदार आणि शासन यांच्या नजरा या एका बाबतीत सारख्याच होत्या.

१६/ धातूपलीकडे पाहणारी नजर काय वाचवू शकते, याचे उदाहरण राजस्थानात आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये तत्कालीन भरतपूर संस्थानात बयाना परिसरात तांब्याच्या भांड्यात गुप्तकालीन सोन्याची नाणी सापडली. गावकऱ्यांनी ती वाटून घेतली. काही वितळवलीही गेली. संस्थानाने धावपळ करून १,८२१ नाणी मिळवली. त्यांची सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध केली ती कोल्हापूरच्या मातीतल्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी.

१७/ त्या निधीत चंद्रगुप्त दुसरा याचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणे निघाले. तोवर असा काही प्रकार आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. इतक्या मोठ्या निधीत ते एकच होते. मुशीत पडलेल्या मूठभर नाण्यांत ते असते, तर गुप्तांच्या नाण्यांचे एक पानच कायमचे कोरे राहिले असते आणि ते कोरे आहे हेही कळले नसते.

१८/ इथे संग्राहकाचा प्रवेश होतो. बुडालेल्या गहाणाच्या मालातून जो सोन्याच्या भावाहून चार पैसे अधिक देऊन नाणे उचलतो, तो त्याला मुशीपासून वाचवतो. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याचा फायदाही विकणाऱ्याच्या अज्ञानातूनच येतो. माळ ठेवणारीला धातूचा भाव मिळतो. नावाचा भाव पुढच्या दोन हातांत वाटला जातो.

१९/ हे केवळ पुतळीपुरते नाही. गिनीचे उदाहरण घ्या. लंडनच्या रॉयल मिंटच्या मुंबई शाखेने सोन्याचे सॉव्हरिन फक्त १९१८ या एकाच सालाचे पाडले, सुमारे १३ लाख. ओळख एवढीच की मागील बाजूस सालाच्या वर जमिनीच्या रेघेवर ‘आय’ हे इवलेसे रोमन अक्षर आहे. वजन इतर कोणत्याही सॉव्हरिनइतकेच, ७.९८ ग्रॅम. भिंग लावले नाही तर मुंबईची गिनी आणि लंडनची गिनी यांत फरक उरत नाही.

२०/ खरेदीचे नियमही इतिहासातूनच आले आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे; तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. शिवाय विकणाऱ्याचीच मालकी नसेल, तर घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. चोरीचे नाणे पेढीवरून घेतले म्हणून शुद्ध होत नाही. तेव्हा पावती हवीच.

२१/ पावतीइतकीच मोलाची दुसरी नोंद म्हणजे नाण्याचा पत्ता. माळ तोडून अस्सल पुतळ्या वेगळ्या काढण्याआधी ती अखंड असताना दोन्ही बाजूंची छायाचित्रे, प्रत्येक नाण्याचे वजन, ती कोणत्या तालुक्यातून आली याची एक ओळ (घराचे नाव नसले तरी चालेल), एवढे टिपून ठेवण्यास दहा मिनिटे पुरतात. कडी काढण्याचा किंवा नाणे उजळण्याचा मोहही टाळावा. ती कडीच सांगते की परक्या राज्याचे चलन इथे कोणाच्या तरी गळ्यात विसावले होते.

२२/ आणि ही नोंद केवळ संग्राहकाने करावयाची नाही. ज्या घरात अजून माळ आहे, त्या घराने ती पेढीवर नेण्याआधी एकदा उजेडात धरून पाहावी. गुडघे टेकलेल्या आकृतीमागची अक्षरे वाचता आली, तर ते नाव कागदावर उतरवून घ्यावे. अडचण खरी असेल तर माळ जाईलही. पण तिचा भाव ठरताना मालकिणीला ठाऊक असेल की काट्यावर साडेतीन माशांखेरीज आणखीही काही ठेवले आहे. (समाप्त)