कळ, दिवा आणि निरोप : कार्यालयीन दूरध्वनीवरील बटणांचा अर्थविचार

दूरध्वनीचा इतिहास लिहिताना यंत्रशास्त्राचे अभ्यासक तारा, केंद्रे व ध्वनिवहनाची साधने यांकडे लक्ष देतात, तर समाजेतिहासाचे अभ्यासक ग्राहकांची संख्या, दर आणि मक्तेदारी यांकडे वळतात. या दोहोंच्या मधोमध, कार्यालयातील मेजावर, खुद्द दूरध्वनीच्या अंगावर जी बटणे बसविलेली असतात त्यांचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ती उपेक्षणीय वाटू नयेत. प्रत्येक बटण हे एक चिन्ह असते. त्या चिन्हाला अर्थ कोणी दिला, तो कोणाला ठाऊक असतो आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या शतकात वेळोवेळी बदलत गेली. तो बदल नेमका कसा घडला, हे येथे पाहावयाचे आहे.

इंग्रजी तारायंत्राच्या परिभाषेतून ‘की’ हा शब्द दूरध्वनीकडे आला. १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे व्यापारी तत्त्वावरील पहिला जोडफलक सुरू झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी बोस्टन येथे एमा नट ही पहिली स्त्री-चालक कामावर रुजू झाली. पुढे अशा फलकांसमोर बसणाऱ्या चालकाच्या हाताशी लहान दांड्यांची एक रांग असे. एक दांडी संभाषणात कान घालण्यासाठी, दुसरी पलीकडची घंटा वाजविण्यासाठी. यांनाच कळा म्हणत. कोणाला कोणाशी जोडावयाचे, कोण जागेवर नाही, कोणाला या वेळी त्रास देऊ नये, ही सारी माहिती चालकाच्या स्मरणात साठविलेली असे आणि कळ केवळ त्या स्मरणाची आज्ञा पाळीत असे.

या स्मरणालाच फाटा देण्याचा पहिला प्रयत्न अ‍ॅल्मन स्ट्रोजर या कॅन्सस सिटीतील अंत्यविधी-व्यावसायिकाने केला. त्याचे स्वयंचलित जोडणीचे एकस्व १८९१ चे. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्याच्या पद्धतीचे केंद्र सुरू झाले. तेथील ग्राहकाच्या यंत्रावर तबकडी नव्हती, कळा होत्या. दशकाची कळ हवी तितक्या वेळा, मग एककाची कळ हवी तितक्या वेळा, असे ठोके मोजून द्यावे लागत. मोजताना चूक झाली की भलत्याच घरी घंटा वाजे. फिरती तबकडी १८९६ च्या सुमारास आली आणि मोजण्याचे काम यंत्राकडे गेले. म्हणजे दूरध्वनीवर बटण तबकडीनंतर आले ही सर्वसामान्य समजूत खरी नव्हे.

मराठीत ‘कळ’ हा शब्द या कामी फार समर्पक ठरतो. यंत्र चालविणारी गुप्त युक्ती हा त्याचा एक अर्थ. कळसूत्री बाहुलीत तोच आहे. कळ दाबणारा आणि हालचाल करणारा हे दोघे निराळे असतात, आणि त्या दोहोंतील संबंध पाहणाऱ्याला दिसत नाही, हा भाव त्या शब्दात आधीपासूनच होता. कार्यालयीन बोलीने मात्र ‘बटण’ हाच शब्द पसंत केला आणि ‘कळ’ कळफलकापुरती उरली. सावरकरांच्या नावे ओळखला जाणारा ‘दूरध्वनी’ हा शब्द छापील व्यवहारात रुजला, परंतु बोलण्यात ‘फोन’च राहिला, तद्वत् हेही झाले.

मेजावरील बटणांचा खरा इतिहास १९३८ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेतील बेल कंपन्यांच्या समूहाने ‘वन-ए’ नावाची कळ-दूरध्वनी पद्धती प्रचारात आणली. १९६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात तिची ‘वन-ए-टू’ ही सुधारित आवृत्ती आली आणि पुढील वीसेक वर्षे अमेरिकी कार्यालयाचे चित्र तिच्यावाचून पुरे होत नसे. यंत्राच्या तळाशी सहा चौकोनी बटणांची पट्टी असे. पाच बटणे पाच वाहिन्यांची, आणि डाव्या टोकाचे तांबडे बटण ‘होल्ड’चे. पारदर्शक बटणांच्या आत लहान दिवे असत. दिवा स्थिर असला तर ती वाहिनी कोणीतरी वापरीत आहे. सेकंदाला एकदा या गतीने उघडझाप करीत असला तर बाहेरून हाक आली आहे. आणि सेकंदाला दोनदा, क्षणमात्र मिटून लगेच उजळत असला तर पलीकडचा मनुष्य खोळंबून आहे. एकाच दिव्याच्या तीन लयी आणि तीन स्वतंत्र अर्थ. ज्या कार्यालयात दहा मेजांवर त्याच पाच वाहिन्या पोचलेल्या असत, तेथे हे दिवे दहाही ठिकाणी एकाच वेळी तीच गोष्ट सांगत. ती सार्वजनिक लिपी होती. नव्या कारकुनाला ती दोन दिवसांत वाचता येई.

‘होल्ड’ या बटणाची आतील रचना तर विशेष लक्ष देण्याजोगी आहे. बोलण्याच्या तारांच्या जोडीखेरीज प्रत्येक वाहिनीसाठी नियंत्रणाची एक वेगळी जोडी भिंतीवरील पेटीपर्यंत नेलेली असे. श्रवणी खाली ठेवली म्हणजे बोलण्याचा प्रवाह तुटतो आणि पेटी समजते की संभाषण संपले. तांबडे बटण दाबले असता मात्र नियंत्रणाची जोडी आधी तुटते आणि बोलण्याचा प्रवाह क्षणभर तसाच चालू असतो. या क्रमावरूनच पेटीला कळते की वाहिनी सोडावयाची नाही, धरून ठेवावयाची आहे. मग ती स्वतःचा रोध त्या वाहिनीवर जोडून देते. दोन्ही वेळी तुटणाऱ्या गोष्टी त्याच. फरक फक्त आधी काय आणि नंतर काय, एवढाच. पदक्रम बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो, हे भाषेचे तत्त्व येथे तांब्याच्या स्पर्शकांत उतरलेले दिसते.

या व्यवस्थेचे मोलही तांब्यातच द्यावे लागे. एका वाहिनीला बोलण्याची, नियंत्रणाची आणि दिव्याची अशा तीन जोड्या लागत, आणि सहा बटणांच्या एका यंत्राकडे पंचवीस जोड्यांची, म्हणजे पन्नास तारांची, बोटाएवढी जाड दोरी जाई. बटणाचा अर्थ बदलावयाचा तर तारा उसकटून पुन्हा जोडाव्या लागत. ते काम कंपनीच्या माणसाचे, कारण यंत्र कंपनीच्या मालकीचे आणि ग्राहकाकडे केवळ भाड्याने असे. परकी उपकरणे जोडण्यावरील कंपनीची सरसकट बंदी १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने रद्द ठरविली. पुढील दशकात इतर उत्पादकांना कार्यालयात पाऊल ठेवता आले ते या निर्णयामुळे.

दरम्यान अंकांची बटणे आली. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेन्सिल्व्हेनियातील कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग येथे ‘टच-टोन’ यंत्रे ग्राहकांना मिळू लागली, आणि १९६८ मध्ये दहा बटणांत तारका व चौकट ही दोन चिन्हे मिळविण्यात आली. या दोन चिन्हांना स्वतःचा अंकवाचक अर्थ नव्हता. ‘यापुढे येणारे अंक क्रमांक म्हणून वाचू नयेत, आज्ञा म्हणून वाचावेत’ असे सांगण्यापुरतीच त्यांची योजना करता येई. व्याकरणात अव्ययांना जे स्थान, तेच काहीसे यांना.

निर्णायक पालट झाला तो १९७५ मध्ये. कॅनडातील नॉर्दर्न टेलिकॉम या कंपनीने त्या वर्षी ‘एस.एल.-वन’ हे संगणक-नियंत्रित, अंकीय पद्धतीचे कार्यालयीन केंद्र बाजारात आणले. या केंद्राच्या खास यंत्रावरील बटणे कोणत्याही वाहिनीला तारेने बांधलेली नव्हती. बटण दाबले की मोजक्या तारांवरून केंद्राकडे इतकेच कळविले जाई की अमुक यंत्राची अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली. त्या कळेचा अर्थ काय, हे केंद्राच्या स्मृतीतील कोष्टकात लिहिलेले असे. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक नसून संकेताने ठरलेला असतो, हा सोस्यूरचा सिद्धान्त. त्याचे इतके उघडे उदाहरण यंत्रसृष्टीत क्वचितच सापडेल.

ते कोष्टक भरण्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. व्यवस्थापक एका टंकयंत्रवजा अग्रासमोर बसून ‘लोड ११’ हा कार्यक्रम चालू करी आणि केंद्र एकामागून एक प्रश्न विचारी. ‘की’ या प्रश्नाला उत्तर देताना कळेचा क्रमांक, मग तीन अक्षरी संकेत, मग हवा तर क्रमांक, अशी रचना करावी लागे. ‘एस.सी.आर.’ म्हणजे साधी बोलण्याची वाहिनी, ‘टी.आर.एन.’ म्हणजे संभाषण दुसऱ्याकडे सोपविणे, ‘सी.एफ.डब्ल्यू.’ म्हणजे आपली हाक अन्यत्र वळविणे, ‘ए.डी.एल.’ म्हणजे ठरलेला क्रमांक आपोआप फिरविणे. काळ, लिंग, वचन यांपैकी काहीही नसलेली ही भाषा. तिच्यात केवळ आज्ञार्थ आहे. कळ रिकामी करावयाची तर ‘एन.यू.एल.’ लिहावे.

यांतील ‘ए.डी.एल.’ ही कळ मात्र वापरणाऱ्याच्या हाती थोडी सत्ता ठेवी. श्रवणी न उचलता कळ दाबावी, हवा तो क्रमांक द्यावा, पुन्हा तीच कळ दाबावी, की क्रमांक तिच्यात साठविला जाई. म्हणजे कळेला कोणते कार्य द्यावयाचे ते व्यवस्थापकाने ठरवावे, आणि त्या कार्याचे कर्म काय ते मेजावरच्या माणसाने. क्रियापद एकाकडे आणि कर्म दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती. बटणाशेजारच्या पारदर्शक झाकणाखाली कागदाची चिठ्ठी सरकविलेली असे आणि तिच्यावर नाव हाताने लिहावे लागे. केंद्रातील कोष्टक बदलले तरी ती चिठ्ठी आपोआप बदलत नसे. निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे बटणापाशी राहावे आणि ते दाबताच तिसऱ्याच कोणाची घंटा वाजावी, हा प्रकार या पद्धतीच्या कार्यालयांत मुळीच दुर्मिळ नव्हता. जुन्या दिव्यांची लिपी सर्वांना दिसत होती. नव्या कोष्टकाची लिपी फक्त व्यवस्थापकाला वाचता येई. सोय वाढली हे निर्विवाद, परंतु बटणाचा अर्थ चारचौघांच्या डोळ्यांपुढून नाहीसा झाला, हे त्या सोयीचे मूल्य होते आणि ते लहान नव्हते.

निरोपाच्या कळांचा विचार याच संदर्भात करावा लागतो. प्रथम निरोप म्हणजे कागदाची चिठ्ठी असे. उपाहारगृहे व निवासगृहे यांतील साध्या यंत्रांवर निऑनचा एक बारीक दिवा बसवीत. दूरध्वनीची नेहमीची विद्युत् सुमारे ४८ व्होल्टची. तेवढ्यावर हा दिवा पेटत नाही. त्याहून पुष्कळ अधिक दाब तारेवर सोडला तरच तो उजळतो, आणि म्हणून बोलण्याच्या त्याच दोन तारांवर त्याला वेगळे बोलावता येते. दिव्याचा अर्थ एकच : खाली कोणीतरी आपल्यासाठी काही लिहून घेतले आहे.

एस.एल.-वन पद्धतीत या एका अर्थाच्या तीन कळा झाल्या. निरोप-केंद्रात बसणाऱ्या व्यक्तीच्या यंत्रावर ‘एम.आय.के.’ ही सूचना देण्याची कळ असे. ती दाबून क्रमांक दिला की त्या क्रमांकाच्या मेजावरील दिवा लागे. ‘एम.सी.के.’ या कळेने तो विझविता येई. आणि ज्याच्यासाठी निरोप आहे त्याच्या यंत्रावर ‘एम.डब्ल्यू.के.’ ही कळ. तिचा दिवा लागलेला दिसला की तीच दाबावी, म्हणजे निरोप-केंद्राशी जोडणी होई. पलीकडे मनुष्य होता. तो चिठ्ठी वाचून दाखवी.

१९७९ मध्ये टेक्सासमधील गॉर्डन मॅथ्यूज याने आवाजी टपालाच्या एकस्वासाठी अर्ज केला, १९८३ मध्ये ते त्याला मिळाले आणि त्या दशकात अशा व्यवस्था मोठ्या कार्यालयांत पसरल्या. तेव्हा ‘एम.डब्ल्यू.के.’ या कळेपुढे कोष्टकात असलेला निरोप-केंद्राचा क्रमांक पुसून तेथे ध्वनिसाठ्याचा क्रमांक घालणे एवढेच काम उरले. बटण तेच, दिवा तोच, चिठ्ठीवरील शब्दही तोच. पलीकडचा मनुष्य मात्र राहिला नाही.

यात निरोप्यांची नोकरी गेली, ही गोष्ट उघड आहे आणि ती गौण मानता येत नाही. तिच्याबरोबर निरोपाचे व्याकरणही गेले. मराठी कार्यालयातील अनुभव ध्यानात घेतला म्हणजे हे स्पष्ट होते. वरिष्ठ अधिकारी फोनवर म्हणे, “त्याला म्हणावं, ताबडतोब ये.” फोन घेणारा चालक किंवा शिपाई ते कधीच तसे पोचवीत नसे. तो येऊन सांगे, “साहेब, आपल्याला मोठ्या साहेबांनी जरा बोलावलं आहे.” ‘त्याला’चे ‘आपल्याला’ झाले, आज्ञार्थाचा पूर्ण वर्तमान झाला, आणि ‘ताबडतोब’च्या जागी ‘जरा’ आला. उलट दिशेनेही हेच घडे. कनिष्ठाची कुरकूर विनंती होऊन वर जाई. परोक्ष कथनाचा हा संस्कार व्याकरणाच्या पुस्तकात सर्वनामांच्या फरकापुरता शिकविला जातो. प्रत्यक्षात तो कार्यालयातील संबंध सांभाळणारे मोठे साधन होता आणि तो करणारी माणसे बहुधा सर्वांत कमी पगाराची असत. ध्वनिसाठ्यात बोलणाऱ्याचे प्रत्यक्ष कथन जसेच्या तसे उतरते. ‘ताबडतोब ये’ हे ‘ताबडतोब ये’ असेच ऐकावे लागते. अचूकता वाढली, आणि शब्दांची धार बोथट करणारा मध्यस्थ नाहीसा झाला.

भारतात या पद्धतीची केंद्रे सर्वत्र पसरली ती सी-डॉट या संस्थेच्या, म्हणजे १९८४ नंतरच्या, काळात. ‘ईपीएबीएक्स’ हे जडशीळ आद्याक्षरी नाव मराठी लिपिकाच्या तोंडी सहज रुळले. परंतु कळांची महाग यंत्रे येथे साहेबांच्या खोलीपुरतीच असत. इतरांना साधी यंत्रे आणि त्यांवरून द्यावयाचे अंकी संकेत. ते संकेत टंकलिखित कागदावर मेजाच्या काचेखाली ठेवीत. अर्थाचा कोश डोळ्यांपुढे ठेवण्याची ही रीत, एका परीने, चिठ्ठीच्या बटणापेक्षा प्रामाणिक होती.

नॉर्दर्न टेलिकॉम १९९८ मध्ये नॉर्टेल नेटवर्क्स झाली आणि २००९ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचा कार्यालयीन विभाग त्याच वर्षी अव्हायाकडे गेला. तोवर दूरध्वनी संगणकांच्या जाळ्यावरून चालू लागले होते. निरोपाच्या दिव्याचा नवा संकेत ‘आर.एफ.सी. ३८४२’ या दस्तऐवजात २००४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार केंद्र यंत्राकडे विजेचा जादा दाब किंवा कळेचा क्रमांक पाठवीत नाही. लिखित ओळी पाठविते. पहिल्या ओळीत निरोप आहेत की नाहीत एवढे, ‘येस’ किंवा ‘नो’ या शब्दांत. पुढील ओळीत नवे किती व जुने किती, आणि कंसात त्यांपैकी तातडीचे किती. दिव्यामागे पुन्हा एक चिठ्ठी आली आहे. ती माणसाच्या भाषेतील शब्दांनीच लिहिलेली असते, पण मेजापाशी बसलेल्या माणसाला ती कधी दाखविली जात नाही.